इशाऱ्याचा दिवा आणि केसाएवढी फट

रासायनिक कारखान्यात गेलो की माझी नजर आधी वर जाते. रिअॅक्टरच्या मजल्यावर, सॉल्व्हेंटच्या टँक फार्ममध्ये किंवा ड्रम भरण्याच्या शेडच्या दाराशी लाल घुमटाचा एक जाडजूड दिवा असतो. कुणी त्याला बीकन म्हणते, कुणी ब्लिंकर, तर कामगारांच्या तोंडी तो नुसता ‘एफएलपी लाल दिवा’ असतो. त्याच्या झाकणाचे बोल्ट मोजायची मला खोड आहे. आठ भोके आणि सहा बोल्ट दिसले, की त्या कारखान्यातल्या बाकीच्या विजेच्या सामानाबद्दल फार विचारावे लागत नाही.

दोन बोल्टांनी काय बिघडते, असे मेंटेनन्सवाले हसून विचारतात. त्याचे उत्तर ‘फ्लेमप्रूफ’ (म्हणजेच एफएलपी) या शब्दात आहे आणि घोटाळाही त्याच शब्दात आहे. फ्लेमप्रूफ म्हणजे आत ठिणगी पडत नाही, असा एक समज आहे. पेटी हवाबंद असते, हा दुसरा. दोन्ही चूक. पेटी दिवसा तापते, रात्री निवते आणि या चढउतारात बाहेरची हवा हळूहळू आत ओढते. त्या हवेत टोल्युइनची वाफ असेल तर तीही आत जाते. पेटी बनवणाऱ्याने हे धरूनच चाललेले असते. इतकेच नव्हे, आत कधीतरी स्फोट होणार हेही त्याने गृहीत धरलेले असते. पेटीकडून अपेक्षा दोनच: आतल्या स्फोटाचा दाब तिने न फुटता सोसावा, आणि झाकणाच्या सांध्यातून बाहेर पडणारा तप्त वायू वाटेतच इतका निवावा की बाहेरची वाफ पेटू नये. या वाटेला ‘फ्लेम पाथ’ म्हणतात. ती फट असते केसाएवढी. बोल्ट कमी झाले की स्फोटाच्या क्षणी झाकण तेवढ्या भागात उचलले जाते, फट रुंदावते आणि ज्वाला न निवता बाहेर येते.

कल्पना जुनी आहे. इंग्लंडमधल्या फेलिंगच्या कोळसा खाणीत 1812 मध्ये स्फोट होऊन 92 जण गेले. त्यानंतर 1815 मध्ये हम्फ्री डेव्हीने खाणकामगारांचा दिवा बारीक तारेच्या जाळीत कोंडला. ज्योत जाळीपर्यंत येई आणि तिथेच तिची उष्णता तारा शोषून घेत. गंमत म्हणजे खाणीत मिथेन वाढला की याच ज्योतीवर निळसर टोपी चढे आणि कामगार सावध होत. आपण आज भिंतीवर लावतो त्या फ्लेमप्रूफ इशारादिव्याचा पूर्वज म्हणून मी त्याच दिव्याकडे बोट दाखवतो.

आधी विचारा, दिवा तिथेच हवा का?

खरेदीचा कागद काढण्यापूर्वी कारखान्याचा झोनचा नकाशा पुढ्यात घ्या. आपल्याकडे तो आयएस 5572 या मानकाच्या आधारे काढतात. जिथे ज्वलनशील वायू सतत किंवा दीर्घकाळ असतो, म्हणजे टाकीच्या आतली मोकळी जागा, तो झोन 0. जिथे नेहमीच्या कामात तो अधूनमधून येऊ शकतो तो झोन 1, आणि जिथे सहसा येत नाही, आलाच तर थोडा वेळ टिकतो, तो झोन 2. फ्लेमप्रूफ दिवा झोन 1 आणि 2 साठी. झोन 0 मध्ये तो लावायचा नसतो.

पुष्कळदा असे दिसते, की दिवा चार-पाच मीटर अलीकडे, झोनच्या बाहेर लावला तरी तो तितकाच, कधी तर जास्त चांगला दिसतो. तिथे साधा, चांगल्या प्रतीचा, पाणी न शिरणारा दिवा चालतो. पैसे वाचतातच, पण पुढची वीस वर्षे तो उघडताना परमिट आणि गॅस टेस्टची यातायातही वाचते. एफएलपी सामान जितके कमी तितके बरे, असे मी सांगतो तेव्हा विक्रेत्यांची तोंडे वाकडी होतात. होऊ देत.

पावडरच्या विभागात वेगळी काळजी घ्यावी लागते. औषधांची भुकटी, साखरेची धूळ, पिठाची धूळ हेही पेटते. वायूसाठी प्रमाणित केलेला दिवा धुळीसाठी आपोआप चालत नाही. दिव्यावरच्या पट्टीवर धुळीचे वेगळे चिन्हांकन लागते, उदाहरणार्थ ‘एक्स टीबी आयआयआयसी’, आणि त्याच्यापुढे पृष्ठभागाचे कमाल तापमान थेट अंशांत लिहिलेले असते. अशा ठिकाणी दिव्यावर साचलेला धुळीचा थर हाच धोका असतो, कारण थराखाली उष्णता कोंडते. म्हणून दिवा घुमट खाली करून किंवा उभ्या भिंतीवर लावावा, वर सपाट जागा ठेवू नये.

पट्टी वाचायची कशी

दिव्याच्या अंगावरची धातूची पट्टी म्हणजे त्याचे आधार कार्ड. तिच्यावर साधारण ‘एक्स डीबी आयआयसी टी6 जीबी’ अशी ओळ असते. ‘डी’ म्हणजे फ्लेमप्रूफ पेटी. ‘आयआयसी’ हा वायूंचा गट, ज्याला आपल्याकडे सरसकट ‘टू-सी’ म्हणतात. ‘टी6’ हा तापमानाचा वर्ग आणि ‘जीबी’ म्हणजे झोन 1 ला पुरेल एवढे संरक्षण.

गट आणि तापमान या दोन गोष्टींची लोक हमखास गल्लत करतात. गट सांगतो की ज्वाला किती बारीक फटीतून निसटू शकते. प्रोपेनची ज्वाला अडवायला 0.92 मिलिमीटरची फट पुरते, इथिलीनला 0.65 लागते, हायड्रोजनला 0.29. म्हणून प्रोपेन, टोल्युइन, अॅसिटोन हे टू-ए, इथिलीन टू-बी, आणि हायड्रोजन, अॅसिटिलीन टू-सी. हे आकडे प्रयोगशाळेतले आहेत. प्रत्यक्ष पेटीतली फट त्याहून बरीच बारीक ठेवतात.

तापमानाचा वर्ग सांगतो की दिव्याचा पृष्ठभाग जास्तीत जास्त किती तापेल. वाफ नुसत्या तापलेल्या पृष्ठभागाला लागून ज्या तापमानाला पेटते, त्याच्या खालीच तो राहायला हवा. टी1 म्हणजे पृष्ठभाग 450 अंश सेल्सियसपर्यंत, टी2 300, टी3 200, टी4 135, टी5 100 आणि टी6 85. हायड्रोजन फटीच्या बाबतीत महाबिलंदर, पण तापमानाच्या बाबतीत सोशीक. तो 500 अंशांच्या पुढेच पेटतो, त्यामुळे त्याला टी1 चालतो. हेक्सेन याच्या उलट. गट साधा टू-ए, पण पेटायला सव्वादोनशे अंशांच्या आसपास पुरतात, म्हणून टी3. व्हिस्कोस रेयॉनच्या कारखान्यात वापरतात तो कार्बन डायसल्फाइड दोन्हीकडून वाईट: गट टू-सी आणि पेटण्याचे तापमान सुमारे 90 अंश. तिथे टी6 शिवाय पर्याय नाही. साखर कारखान्याला जोडलेल्या डिस्टिलरीत इथेनॉलसाठी टू-बी, टी2 पुरते, तरी बाजारातले बहुतेक एलईडी बीकन टी5-टी6 चेच असतात. तेव्हा भाव कमी करायला गट खाली आणता येईल, पण आधी कारखान्यातल्या प्रत्येक रसायनाची यादी करा. आज टोल्युइन आहे, पुढच्या वर्षी त्याच मजल्यावर हायड्रोजनेशन आले तर?

पट्टीवरची एक छोटी ओळ सगळेच सोडून देतात. भोवतालचे तापमान किती, ते ती सांगते. काहीच लिहिले नसेल तर प्रमाणपत्र उणे 20 ते अधिक 40 अंशांपुरते असते. बुटीबोरीला किंवा चंद्रपूरला मे महिन्यात सावलीतला पारा 45 च्या वर जातो, आणि पत्र्याच्या छताखाली, ऊन थेट अंगावर घेणाऱ्या काळ्या पेटीत तो कितीवर असेल ते वेगळे सांगायला नको. विदर्भ-मराठवाड्यातच नव्हे, कुरकुंभलासुद्धा मी 40 अंशांचा दिवा घेऊ देत नाही. किमान 55 मागा. 40 अंशांचा टी6 दिवा 50 अंशांत टी6 राहील याची कुणी हमी दिलेली नसते.

प्रमाणपत्राच्या क्रमांकाच्या शेवटी कधी ‘एक्स’ (X) हे एकटे अक्षर असते. त्याचा अर्थ, वापराच्या काही खास अटी आहेत. त्या प्रमाणपत्रात शोधून वाचायच्या. शेवटी ‘यू’ असेल तर हात आखडता घ्या. ती पेटी नुसता सुटा भाग म्हणून प्रमाणित आहे. रिकामी फ्लेमप्रूफ पेटी आणून तिच्यात फ्लॅशरचे सर्किट आणि एलईडी बसवून दिलेले ‘बीकन’ मी पाहिले आहेत. पेटी खरी, पट्टी खरी, पण आत काय बसवले आहे हे कुठल्याच प्रयोगशाळेने तपासलेले नसते.

भारतात पेट्रोलियम नियमांखालच्या धोकादायक क्षेत्रात विजेचे सामान वापरायला पेसोची मान्यता लागते. ही संस्था 1898 पासूनची, मुख्यालय आपल्या नागपूरलाच. विक्रेत्याकडून मान्यतापत्राची आणि चाचणी अहवालाची प्रत घ्या, आणि मॉडेल क्रमांक पट्टीवरच्या क्रमांकाशी अक्षर न् अक्षर जुळवा. ‘त्याच मालिकेतले आहे साहेब’ हे उत्तर चालत नाही. आयईसीईएक्स या आंतरराष्ट्रीय योजनेचे प्रमाणपत्र असेल तर ते त्यांच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. जुन्या पट्ट्यांवर आयएस 2148 दिसेल, नव्यांवर आयएस/आयईसी 60079-1. दोन्ही फ्लेमप्रूफचीच मानके, पहिले आधीचे.

दिवा माणसासाठी असतो

पेटीचा विचार वायूसाठी झाला. उजेडाचा विचार माणसासाठी करायचा आणि तो सहसा राहून जातो. कॅटलॉगमध्ये झेनॉनच्या दिव्याची ताकद ज्यूलमध्ये असते, एलईडीची कँडेलात. या दोन आकड्यांची सरळ तुलना होत नाही, म्हणून दोघांचेही कँडेला मागा, तेही रंगीत घुमट लावलेल्या अवस्थेतले. झेनॉनचा प्रकाश मुळात पांढरा. लाल काचेतून येताना त्याचा मोठा भाग काचेतच राहतो. लाल एलईडी मूळचाच लाल असल्याने तेवढा मार खात नाही. झेनॉनची लखलख डोळ्यात भरते हे खरे, पण नळी झिजते, आणि उंचावर चढून फ्लेमप्रूफ झाकण उघडून ती बदलणे हे रोजचे काम नव्हे. नव्या कामाला मी एलईडीच सुचवतो.

अंतर दुप्पट झाले की उजेड चौपट कमी होतो. दुपारच्या उन्हात बाहेर लाखभर लक्स असतात, शेडच्या आत काहीशे. रात्री झगझगीत वाटणारा दिवा मेच्या दुपारी टँक फार्ममध्ये नुसता लाल टोपी घातल्यासारखा दिसतो. लोट्याच्या, महाडच्या पावसात तर पन्नास पावलांवरचे दिसत नाही. एकच मोठा दिवा घेण्यापेक्षा दोन मध्यम दिवे दोन्ही येण्याच्या वाटांवर लावणे मला जास्त शहाणपणाचे वाटते. पाईप रॅकच्या मागे, केबल ट्रेच्या वर, क्रेनच्या वाटेत लावू नका. ऑपरेटर ज्या दिशेला तोंड करून काम करतो तिकडे लावा, कारण कानात इअरमफ घातलेल्या माणसाला हूटर ऐकू येत नाही. त्याच्यासाठी तर हा खटाटोप.

लाल म्हणजे तात्काळ धोका, पिवळा म्हणजे काहीतरी बिघडते आहे, हिरवा सर्व ठीक, निळा म्हणजे ठरलेली कृती करा. हा आंतरराष्ट्रीय संकेत मोडून ‘आमच्याकडे गॅसला निळा’ असले प्रकार करू नयेत. कंत्राटी कामगार आज तारापूरला असतो, उद्या पाताळगंगेला. ज्यांची लाल-हिरव्यात गल्लत होते असे पुरुष आपल्यात पुष्कळ असतात, त्यामुळे नुसत्या रंगावर न विसंबता लखलखण्याची गतीही वेगळी ठेवा. मिनिटाला 60 ते 120 वेळा पुरे. एकाच जागेतून चार-पाच बेताल दिवे दिसले तर त्यांच्या एकत्र लुकलुकण्याने डोके गरगरते, आणि ज्यांना प्रकाशाने फिट येते त्यांना ते खरेच घातक.

आणि एक, दिवा सतत चालू ठेवू नका. ‘पंप चालू आहे’ हे सांगायला लाल बीकन लावलेला मी एका ठिकाणी पाहिला. तीन वर्षे तो रात्रंदिवस लुकलुकत होता. त्या मजल्यावर वायुगळती झाली असती तर शेजारचा दुसरा लाल दिवा कुणाच्या लक्षात आला असता?

जोडणीच्या वेळी घात होतो

उत्पादकाकडून येतो तेव्हा दिवा निर्दोष असतो. त्याची वाट लागते ती ड्रिल, रंगाचा ब्रश आणि पॉलिश पेपर या तीन हत्यारांनी. कोकणातल्या एका कारखान्यात दिव्याच्या पेटीला एक जादा भोक पाडून दुसरी केबल आत घेतली होती आणि फट एम-सीलने लिंपली होती. वरून छान राखाडी रंगही दिला होता. ऑडिटमध्ये तो दिवा दोन वेळा पास झाला होता. एक भोक पाडले की प्रमाणपत्र संपले. जादा केबल हवी असेल तर दोन एंट्रीचा दिवा मागवा किंवा बाहेर फ्लेमप्रूफ जंक्शन बॉक्स लावा.

ग्लँडकडे बारकाईने बघा. साधा डबल कॉम्प्रेशन ग्लँड आणि फ्लेमप्रूफ प्रमाणित डबल कॉम्प्रेशन ग्लँड हातात घेतले तर जुळे भाऊ वाटतात. फरक अंगावर कोरलेल्या चिन्हांकनात आणि आट्यांच्या दर्जात असतो. आटे एकमेकांत किमान पाच तरी पूर्ण बसले पाहिजेत. पेटीला ¾ इंच ईटी आणि ग्लँडला मेट्रिक, असा विजोड संसार टेफलॉन टेपने जमवू नका. प्रमाणित अॅडॉप्टर घ्या, तोही एकच, एकावर एक दोन नाहीत. वापरात नसलेल्या एंट्रीला प्लास्टिकची टोपी येते ती फक्त वाहतुकीत धूळ जाऊ नये म्हणून. तिच्या जागी धातूचा प्रमाणित प्लग बसवायचा. केबल गोल, भरीव आणि घट्ट हवी. सुट्या तारांमधल्या पोकळीतून ज्वालेला वाट मिळते. केबलचा तुकडा तीन मीटरपेक्षा आखूड असेल तर कंपाउंड भरलेला बॅरियर ग्लँड वापरा.

झाकणाचा सांधा सपाट पट्टीचा असेल तर त्याच्यासमोर लगेच भिंत किंवा अँगल येऊ देऊ नका. टू-सी साठी 40 मिलिमीटर, टू-बी साठी 30, टू-ए साठी 10 एवढी मोकळी जागा सोडायची असते. नाहीतर बाहेर पडणारा वायू तिथेच अडतो आणि निवत नाही. सांध्याच्या तोंडावर रंग लावायचा नाही, गंज काढायला पॉलिश पेपर घासायचा नाही. मऊ कापड, लागल्यास सौम्य सॉल्व्हेंट, आणि उत्पादकाने सांगितलेले न सुकणारे ग्रीस. हाताशी आहे म्हणून सिलिकॉन सीलंट लावणारे दुहेरी नुकसान करतात. सांधा तर बिघडतोच, शिवाय सिलिकॉनची वाफ उत्प्रेरक प्रकारच्या गॅस डिटेक्टरचा सेन्सर निकामी करते. म्हणजे ज्याने दिवा पेटवायचा तोच आंधळा.

फ्लेमप्रूफ म्हणजे वॉटरप्रूफ नव्हे. पावसासाठी वेगळी ओ-रिंग असते आणि आयपी 65 किंवा 66 वेगळे तपासावे लागते. किनाऱ्यावर तांबेविरहित एलएम-6 अॅल्युमिनियमची पेटी ठीक चालते. आम्लाच्या धुराच्या विभागात स्टेनलेस 316 किंवा जीआरपी घ्या. अर्थिंग आत एक आणि बाहेर एक, दोन्ही ठिकाणी.

विजेचा हिशेबही करून ठेवा. 24 व्होल्ट डीसीवर चालणारे, प्रत्येकी 0.3 अँपिअर घेणारे चार बीकन 200 मीटर लांब, दीड चौरस मिलिमीटर तांब्याच्या एकाच केबलवर टोकाला जोडले, तर वाटेत जवळजवळ 6 व्होल्ट खर्ची पडतात. टोकाला उरतात 18. सगळे एकदम पेटायची वेळ नेमकी आणीबाणीत येते, चाचणीत नाही. जाड केबल घ्या किंवा दिवे विभागून जोडा. आणि गळती झाल्यावर मुख्य पुरवठा ट्रिप होतो, त्या ट्रिपमागे दिवाही जात नाही ना, हे पॅनेलवाल्याकडून लिहून घ्या. त्याचा पुरवठा यूपीएसवरून हवा. केबल तुटली तर कंट्रोल रूममध्ये कळावे म्हणून लाइनवर देखरेखीची सोय असेल तर उत्तम, नाहीतर मेलेला दिवा आणि ‘सर्व ठीक’ दोन्ही सारखेच दिसतात.

देखभाल

झाकण उघडण्यापूर्वी पुरवठा तोडा, गॅस तपासा, परमिट घ्या. झेनॉनचा दिवा असेल तर पट्टीवर लिहिलेली मिनिटे मोजून थांबा. कपॅसिटरमध्ये चार्ज उरलेला असतो. घुमट पॉलिकार्बोनेटचा असेल तर तो कोरड्या फडक्याने पुसू नका, घासण्याने स्थिर वीज साचते. ओले कापड वापरा. काचेला चीर दिसली तर घुमटाचा पूर्ण, मूळ उत्पादकाचा भाग बदला. मुंबईच्या लोहार चाळीत मापाची काच मिळते, पण तिने दाबाची चाचणी दिलेली नसते. पांढऱ्या काचेला लाल रंग फासून बीकन ‘बदलणे’ हाही असाच प्रकार.

तपासणीच्या तीन पायऱ्या मानकात आहेत: जमिनीवरून डोळ्यांनी, शिडीवरून जवळून, आणि झाकण उघडून सविस्तर. दोन नियमित तपासण्यांत तीन वर्षांपेक्षा जास्त अंतर पडू देऊ नये. समुद्राजवळ किंवा आम्लाच्या हवेत मी तर दर पावसाळ्यानंतर जवळून बघायला सांगतो. बोल्ट बदलताना त्याच दर्जाचा लावा. 8.8 च्या जागी हार्डवेअरच्या दुकानातला साधा बोल्ट बसतो खरा, पण स्फोटाच्या दाबाखाली टिकत नाही.

आठवड्यातून एकदा दिवा प्रत्यक्ष पेटवून बघा. पेटवणारा कंट्रोल रूममध्ये आणि बघणारा सर्वांत लांबच्या कामाच्या जागी, इअरमफ घालून, कामाकडे तोंड करून उभा. चाचणी दुपारी एकदा, रात्री एकदा. नोंदवहीत ‘ओके’ लिहू नये. कोण कुठे उभा होता आणि त्याला दिवा दिसला की नाही, ते लिहावे.

दिवा कायमचा काढला की तो भंगारात द्यायच्या आधी पट्टी उखडा आणि घुमट फोडा. पट्टीसकट गेलेला एफएलपी माल धुऊन-रंगवून पुन्हा बाजारात येतो आणि चार महिन्यांनी दुसऱ्या कुणाच्या रिअॅक्टरवर चढतो.